कातरण

आमच्या घरात ओस्त्या भाजायची सांडशी होती,
हातभर लांब दांड्यांची, टोकाला दोन लोखंडी तबकड्या.
एकीत कोरलेलं कोकरू. दुसरी गुळगुळीत.
आई ती चुलीत तापवायची, पातळ पीठ ओतून मिटायची,
आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची,
रोजच्या भाकरीपर्यंत.
तिथे थांबायचं. पुढे गेलं की करपतं.

गोल गोल कापून घेतलेलं देवळात जायचं,
उरलेली कातरण आमची.
माझा भाऊ येर्नेय मूठ भरून उचलायचा, डाव्या हाताने,
आणि त्या हातावर फटका बसायचा.
देवाचं डाव्याने घेऊ नये.
शाळेच्या पहिल्या वर्षी आईने तो हात
फडक्याने कमरेला बांधला होता, अख्खा हिवाळा.
बर्फ वितळल्यावर सोडला
तेव्हा पोरगा उजवा झाला होता.

पुढे सोचा नदीवरची आघाडी.
गावची घंटा उतरवून नेली, तोफांसाठी.
त्याच आठवड्यात छापील कागद आला:
देव, सम्राट आणि मायभूमीसाठी प्राण अर्पण केला.
नाव तेवढं शाईने, तेही चुकलेलं.

फादर ओझ्बाल्त प्रवचनात त्याला कोकरू म्हणाले.
आई भर मिस्सेतून उठून गेली.
घरी येऊन शाल न काढताच म्हणाली,
कोकराला विचारतं कोण?
दोन शिपाई आले होते, हातात यादी होती.
दिलेलं वेगळं, नेलेलं वेगळं,
कोंबड्या विकणाऱ्या बाईलाही कळतं एवढं.

त्यानंतरही ओस्त्या तीच करायची,
पण मुक्याने, अंदाजाने.
कधी कच्च्या, कधी काळ्या.

उपवासकाळात एक माणूस खिंड उतरून आला.
ब्लाझ. कोटाची उजवी बाही टाचणीने दुमडलेली.
दूध नको म्हणाला, मग प्यायला.
चुलीकडे बघत बोलत राहिला.

तारा कापायला एक जण हवा होता.
काड्या ओढल्या. आखूड काडी माझ्याकडे आली.
मला तीन मुलं. हे सगळ्यांना ठाऊक,
तरी कुणी काही बोललं नाही, का बोलावं?
येर्नेय चिलीम साफ करत होता. वर न बघता म्हणाला,
तिथे उजवीकडून खडक आडवा येतो.
डावखुरा लागेल. मी डावखुरा आहे.
आणि परत आल्यावर तुझी तंबाखू माझी.

आई, आम्ही दोन वर्षं एका ताटात जेवलो,
त्याचा डावा हात कशाला पुढे झालेला मी पाहिला नव्हता.
तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं
आणि मी पकड त्याच्या हातात दिली.

चूल फुटफुटत होती. आई बराच वेळ
परकराच्या काठाला लागलेलं पीठ खरवडत बसली.
मग म्हणाली,
खोटं नव्हतं ते.

मी आज सत्तरीची आहे, ते शब्द अजून मला पुरते उलगडत नाहीत.
तो मरायला गेला नव्हता, तंबाखू मागून गेला होता.
बागेतल्या त्या रात्री ख्रिस्तानेही
आधी हा प्याला नको असंच म्हटलं होतं,
हे फादर त्या रविवारी सांगायला विसरले.
आणि हे बलिदान असेल
तर त्यात एवढं थोडं बोलणं का होतं,
आणि निम्मं खडकाबद्दल?

आईने कातरणीची थाळी ब्लाझपुढे सरकवली.
त्याने हात पुढे केला.
त्याच्याकडे होता तोच, डावा.
मी फटक्याच्या आवाजाची वाट पाहिली.

आई उठली, सांडशी तापवली, पीठ ओतलं, मिटली.
प्रार्थना म्हणू लागली, मोठ्याने,
रोजच्या भाकरीपाशी आली
आणि थांबली नाही,
क्षमेपर्यंत गेली.

पापुद्रा करपला.
आम्ही तिघांनी मोडून खाल्ला.