रिकामा पिंजरा, तीस दिवस

मॅकॉच हवा, म्हणाला युर्रे.
रॉटरडॅमच्या बंदरात टगबोटीवर असतो तो,
दोन आठवडे पाण्यावर, दोन आठवडे घरी.
दंडावर नांगर गोंदलेला,
आणि त्या दंडाला शोभेल असा पक्षी हवा.
शेजारी मुलगी, फेन्ना, नऊ वर्षांची,
ओले बूट न हलवता
फरशीवर सांडलेले राळ्याचे दाणे मोजत.

मी विचारलं, घराच्या भिंती किती जाड?
तो हसला. हसतातच सगळे.
मग सांगितलं : मॅकॉची पहाटेची हाक
तीन भिंती ओलांडून
चौथ्या घरातलं तान्हं उठवते.
अक्रोड फोडून झाले की तो खुर्चीचा पाय घेतो.
पन्नास वर्षं जगतो.
तू?

काकाकुवाला माया लागते, पोत्यानं.
कमी पडली तर स्वतःचीच पिसं उपटून
सोललेल्या कोंबडीसारखा बसतो, तुझ्याकडे बघत.
आणि लव्हबर्डच्या नावावर जाऊ नकोस.
हे बघ माझं बोट.

"मग तो मागचा करडा?"
तो विकायचा नाही.
फार घाईनं म्हटलं असणार,
मुलीनं मान वर केली.

"मला असा हवा," युर्रे म्हणाला,
"जो मी परतेपर्यंत मला विसरणार नाही."
विसरत नाहीत रे.
तीच तर अडचण आहे.

शेवटी रिकामा पिंजरा दिला, तीस दिवसांच्या बोलीवर.
रोज पाणी बदला.
कागद बदला, खाली काही पडलेलं नसलं तरी.
संध्याकाळी अर्धा तास समोर बसा.
नॉनस्टिक तवे काढून टाका,
तापल्या तव्याची वाफ पाखराला एका दुपारीत संपवते.
म्हातारी सटकली, असं युर्रेच्या तोंडावर स्पष्ट वाचता आलं मला.
मुलीनं मात्र पिंजरा दोन्ही हातांनी उचलला,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.

बुधवारी शाळा दुपारीच सुटते.
महिन्यानंतरच्या बुधवारी ती वही घेऊन आली.

पाणी बदललं : तेरा दिवस.
मी आईकडे, बाबा बोटीवर : चौदा दिवस.
विसरलो : दोन.
बाबा पिंजऱ्यासमोर रडले, म्हणून राहिलं : एक.

युर्रे काचेतून बाहेर बघत राहिला.
समोरच्या झाडांवर राघूंचा थवा उतरला होता,
कधीकाळी कुणाच्या तरी खिडकीतून निसटलेल्यांची पतवंडं,
आमच्या थंडीतही हिरवीगार,
ज्यांना कुणी निवडलं नाही.

चौदा दिवसांचं काय करायचं?
"खालच्या सारिमान आजी येतील," फेन्ना म्हणाली.
"मी विचारलंय. तव्याचं पण सांगितलंय."

मग मी बजरीगार काढले.
एक नाही, दोन. एक हिरवा, एक फिकट निळा,
मुठीत मावतील एवढे.
आठ वर्षं जगतील, जास्तच नशीब असेल तर दहा.
तोवर तू एकोणीसची होशील, मी म्हटलं,
आणि मग थांबले, कारण ती मनात माझं वय मोजू लागली.

"बोलतील?" युर्रेनं विचारलं.
एकमेकांशी.
त्याचा चेहरा जरा पडला,
मग धक्क्याला बोट लागल्यावर दोर सैल पडतो
तसे खांदे सैल पडले.
खोक्याला कान लावून
बाप-लेक पुलाकडे गेले.
मॅकॉचा विषय निघाला नाही.

शटर अर्धं ओढलं की मागून खोकला येतो.
माझ्या भावाचा, पाइप ओढणाऱ्या सीबेचा,
त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातला ओला खोकला,
आज नऊ वर्षं झाली.
करडा दोनदा खोकतो,
थांबतो, आणि माझ्याच आवाजात म्हणतो :
"पाणी घे, सीबे."

मी कागद बदलते.
पाणीही बदलते.