पुन्हा पुन्हा गोठवू नये

मिरकरवाड्याहून रोज थर्माकोलचे खोके बाहेर जातात,
सुरमई, म्हाकूळ, टायनी कोळंबी,
वर बर्फ, बर्फावर चिकटपट्टी.
मंगळवारी एक खोका उलटा आला.
कुरिअरवाला सिद्दीक स्कूटर लावून हसला,
"मॅडम, रत्नागिरीत राहून तुम्ही मासे बाहेरून मागवता?"

आत कोरडा बर्फ, धुरकटलेला,
आणि त्याच्या तळाशी एक कुपी.
पन्नास मायक्रोग्रॅम. एक थेंब, तोही मोठा नाही.
चिठ्ठीवर: मानवी प्रथिन, पुनःसंयोजित.
केवळ संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
मी दोनदा वाचलं.
माणसाचं, आणि माणसाला चालत नाही.

तसं ते कुठल्या माणसात वाढलेलंच नाही.
कुणीतरी आपल्यातली एक ओळ उतरवून
आतड्यातल्या जिवाणूला दिली.
त्यानं अर्थ विचारला नाही,
रात्रभर गिरवत बसला.
सकाळी त्याला फोडलं.
ओळीच्या शेपटीला सहा हिस्टिडीन बांधले होते,
निकेलच्या मण्यांनी तेवढी शेपटी धरली,
बाकी सगळं धुऊन गेलं.
रापण इतकी निवडक नसते.

याचं काम एकच. थांबवणं.
पेशी दुभंगायला निघाली की
हे मध्ये उभं राहतं, आणि बघतं
प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून दोर लागला का.
पंचेचाळिसांना लागला, ते ताणून ताटकळलेत,
सेहेचाळिसावं अजून कडेला भटकतंय,
तोवर हे म्हणत राहतं:
अजून नाही. अजून नाही.

गणेशगुळ्याच्या आमच्या सातबाऱ्यावर
एकोणतीस नावं आहेत.
अठ्ठावीस सह्या झाल्या.
एकोणतिसावा हेरंब, मस्कतला, फोन उचलत नाही.
तलाठी म्हणतो, त्याच्यावाचून वाटप नाही.
भाऊ त्याला रोज शिव्या घालतो.
मीही घालायचे. मंगळवारपासून जरा कमी.
कारण फणसोपकर सरांनी एकदा दाखवली होती
घाईनं वाटली गेलेली पेशी:
एकीकडे तीन हिस्से, एकीकडे एक,
आणि नंतर तिचं वाढणं थांबेना.

गुरुवारी रात्री पावणेअकराला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प.
मी बादली घेऊन जेट्टीवर पळाले.
झुलेखा भाटकर होड्यांसाठी बर्फ फोडत होती.
पैसे घेतले नाहीत, विचारलं, "काय मासा हाय?"
मी म्हटलं, मासा नाही, माणसाचं आहे थोडं.
ती थांबली. मग म्हणाली,
"कायपण असू दे. एकदा सुटलं तर सुटलं.
परत परत बर्फात घालशील तर
आकार तोच दिसल, आत मासा नसल."
चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीत हेच होतं,
फक्त इतकं बरं लिहिलेलं नव्हतं.

रात्रभर बादली दोन पायांत धरून बसले.
खिडकीतून भगवतीच्या दीपगृहाचा उजेड
यायचा, जायचा.
हेरंबला मेसेज केला. सहीचं लिहिलं नाही.
बरा आहेस ना, एवढंच.
दोन निळ्या खुणा आल्या.
मग काही नाही.

चारच्या सुमारास वीज आली.
कुपी उजेडात धरली, आतलं सुटलं होतं.
आता वाटून ठेवण्यावाचून इलाज नव्हता.
दहा नळ्या मांडल्या, पिपेट घेतलं,
श्वास रोखून एकेकीत सारखं घालत गेले.
हात थरथरला नाही, मला तरी जाणवला नाही.
दहावीत अर्धंच आलं.

तिच्यावरही तारीख घातली.
भाऊ असता तर म्हणाला असता,
मोजणी परत करा.