तिला सोडलं

डरहॅम, जानेवारी. चारलाच दिवे लागलेत.
हेस्केथबाईंच्या खोलीतला हीटर खोकतो.
टेबलावर पपायरसच्या तुकड्याचा मोठा केलेला फोटो,
भाकरीच्या करपल्या पापुद्र्यासारखा,
आणि मधोमध किड्याने पाडलेलं भोक.

क्रियापद शाबूत आहे.
पुढच्या सर्वनामाची शेपटी तेवढी खाल्लीय.
शेपटी आखूड असेल तर
त्याने तिला क्षमा केली,
लांब असेल तर काडीमोड.
तीन आठवडे आमचं घोडं इथेच अडलंय.
बाई क्षमेच्या बाजूने.
ऑलिव्हर पट्टी लावून शाईचा ठिपका मोजतो,
म्हणतो, लांबच.

मी बिस्किट चहात बुडवून गप्प.
माझ्या भाषेत किड्याला इतकं कोरावं लागलं नसतं.
तिला सोडलं, की झालं.
'तिला'लाही काही पडलेली नाही.
गाय सोडतात, उपास सोडतात,
कर्जातले वरचे दोनशे सोडतात.

मी चौथीत असताना बापाने आईला सोडलं.
आणि तिनं त्याला सोडलं
फार उशिरा, नगरच्या मिशन दवाखान्यात,
त्याच्या पायाची नखं कापता कापता,
एक शब्द न बोलता.
अंगठ्याचं नख जाड झालेलं.
ते तिनं आधी कोमट पाण्यात भिजवलं.

"मिस्टर उजागरे, तुमचं मत?"
मी म्हणतो, शाई पुसट आहे.
बाई पेन्सिल कानामागे खोचतात.
ऑलिव्हर खिडकी लावून घेतो.
मग मी चौकोनी कंस काढतो
आणि आत जागा सोडतो,
दीड अक्षराची.