लागली म्हणून सांगितलं

"लागली," म्हटलं मी,
आणि घरातला पंखा थांबल्यासारखा वाटला.
थांबलाच होता. लाइन गेली होती.

बाबांनी विचारलं, पगार किती.
बारा म्हणायला तोंड उघडलं
तर चौदा हजार निघाले.
आई काही बोलली नाही,
उठून अंगणातल्या मोहफुलांवरून
शेजारची बकरी हाकलून आली.

नोकरी नसताना पोरगी शहरात जाते
याला आमच्या सोनबोडीत शब्द नाही.
म्हणजे आहे, पण तो
हापशीवर, आवाज खाली करून वापरतात.
म्हणून मला कंपनी काढावी लागली.
नाव बियाण्याच्या पोत्यावरून घेतलं,
कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या: श्रीनिधी.
पुढचं ऑटोमेशन माझं.
गाव: चाकण. खातं: वायरिंग.
वायरिंग तेवढं मला खरंच येतं.
साकोलीच्या आयटीआयत बावीस पोट्टे आणि मी,
आणि फ्यूज कुणाचा उडाला नाही, तर माझा.

मग कंपनी माझ्या हातात राहिली नाही.
तिला कँटीन आईनं लावलं.
न्यायला-आणायला गाडी, ती मोठ्या काकांनी.
किराणा दुकानात उधारीची वही बंद करत
डोमाजी म्हणाले, "परमनंट आहे म्हणते."
कोण म्हणते, कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी देवकाकाकू आल्या,
मागे लोमेश्वरी,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत बारावीची मार्कशीट.
"हिलेबी ने न माय तुया कंपनीत.
झाडू मारन, पण ने."

तेव्हाच सांगायला हवं होतं.
वेळ होता. काकूंचा चहा संपेपर्यंत होता,
आणि त्या चहा फार हळू पितात,
बशीत ओतून, फुंकून, आधी साय बाजूला करून.
मी "पाहू" म्हटलं.
आमच्याकडे पाहू म्हणजे हो.

निघायच्या पहाटे फाट्यावर
एक पिशवी कपड्यांची, एक जयश्रीराम तांदळाची,
"तिकडच्या भाताले चव नसते,"
आई म्हणाली, जी भंडाऱ्यापलीकडे
एकदाच गेली, डोळ्याच्या ऑपरेशनला.
बाबांनी माझा टेस्टर शर्टाला पुसून दिला.
काकूंनी दोनशेची नोट मुठीत कोंबली:
"साहेबाले द्या लागलं काही, तर."

साकोलीला गाडी बदलली.
खिडकीची जागा लोमेश्वरीला दिली,
अपराधी माणूस खिडकी देतो.
लाखनी गेलं. ती बाहेर बघतच म्हणाली,
"ताई, मी फोन लावला होता."
कुठे?
"पोत्यावरचा नंबर. तुया घरी पाणी प्याले आली तवा पाह्यला.
गोंदियाले लागला.
माणूस म्हणे, वाण कोणता पाह्यजे."

मी तांदळाची पिशवी पायांनी उगाच
आत सरकवली. ती आतच होती.

"मंग आली काहून?"

ती जरा वेळ गप्प.
ओढणीच्या टोकाची गाठ सोडून परत बांधली.
"घरी सांगाले एक कंपनी लागते न, ताई.
मायाजवळ तेवढीबी नव्हती."

मग मार्कशीट मांडीवर ठेवून
ती झोपली, तोंड उघडं टाकून,
जशी झोप मला तीन आठवडे लागलेली नव्हती.
चाकणला कुणाकडे उतरायचं, माहीत नाही.
एका मैत्रिणीच्या वहिनीची खोली आहे,
वहिनी फोन उचलत नाही, पण कापतही नाही.

कारध्याच्या पुलावर
पुढच्या बाकावरच्या बाईनं हात जोडून
वैनगंगेत नाणं टाकलं.
मीही मूठ उघडली. नाणं नव्हतं,
काकूंची नोट होती, घामानं मऊ झालेली.
ती परत पर्समध्ये ठेवली, टेस्टरशेजारी.
हे साहेबाचे पैसे.
साहेब शोधायचा आहे अजून.