साडेबावन्न तोळे

विट्याच्या पेठेत
पोतदारांच्या काट्यावर
अम्मानं तोडे ठेवले, मग पैंजण,
शेवटी पदराच्या गाठीतून
माझे लहानपणचे वाळे.

एकावन्न.

सोनं मागंच गेलं, अब्बांच्या दवाखान्यात.
“दीड तोळा कमी,” ती म्हणाली,
“यंदा कुर्बानी माझ्यावर वाजिब नाही.”
पोतदारांनी बोट पारड्याकडं नेलं,
“दाबू का जरासं, हुरमतबी?”
“नको. माफी मिळालीय,
ती तरी खऱ्या वजनाची असू दे.”

ईदच्या दुपारी
मोमीनांचा पोरगा डबा घेऊन आला.
तिसऱ्या वाट्यातला.
बारा वर्षं असले डबे
अम्माच भरायची,
कुणाचं दार राहिलं का, बोटांवर मोजत.

तिनं झाकण उघडलं नाही.
उंबऱ्यात उभी राहून
दोन्ही हातांत धरला,
आणि
किती भरेल, अंदाज घेत राहिली.