पाव वॅट

बिमुर्झा म्हणतो, खरं सांग,
तुझ्या टॉवरचं माझ्याशी काही वाकडं आहे का?
मी टॉवरची देखभाल करणारा माणूस.
महिन्यातून दोनदा झुग्दिदीहून जीप घेऊन स्वानेतीत चढतो,
डिझेल भरतो, बॅटऱ्या तपासतो,
आणि मग याच्या दारातल्या बाकावर
खारट चीज खात
आरोपीसारखा उत्तरं देत बसतो.

त्याची मुलगी दिनोला इटलीत, बारी शहरात,
एका अंथरुणाला खिळलेल्या बाईचं सगळं करते.
तिचा व्हिडिओ इथे उतरतो
कड्यावरून सुटलेल्या धोंड्यासारखा:
समुद्र, लिंबं, त्या बाईचं मांजर,
दिनोलाने कापलेले केस, सगळं एका दमात.
आणि याने पाठवलेली तीन मिनिटं
सतरा टक्क्यांवर अडकलेली.
सकाळी सतरा.
धार काढून आला, सतरा.
परवा अठरा झाले तेव्हा
शेजारच्या चिचिकोला हाक मारून दाखवले म्हणे.

मी सांगतो, हे बघ,
टॉवरच्या पोटात डिझेल, छातीत चाळीस वॅट.
तो ओरडला की खिंडीपलीकडे ऐकू जातं.
तुझ्या फोनकडे पाव वॅटसुद्धा नाही.
त्याने तेवढं ओरडायचं ठरवलं
तर खिसा जळेल, बॅटरी दुपारीच मान टाकेल.
टॉवरचे कान तिखट आहेत, नाही म्हणत नाही,
पण कुजबुज ती कुजबुज.
त्यात बोलण्याआधी परवानगी मागायची;
गावातले पन्नास फोन हात वर करून उभे.
आणि मुळात वेळेची वाटणीच अशी:
चार घास खाली, एक घास वर.

कोणी केली?
तिबिलिसीतल्या एका कचेरीत, आलेख बघून.
लोक बघतात फार, पाठवतात थोडं.

सुरी पँटला पुसत तो म्हणाला,
म्हणजे मी ऐकून घेणारा, हे आधीच ठरलेलं.

मी चीजचा मोठा तुकडा तोंडात टाकला.
तोंड भरलेलं असलं की बरं असतं.

त्या तीन मिनिटांत आहे तरी काय?
मला वाटलं गाणं असेल, नाहीतर जमिनीचं भांडण.
गवत कापतोय, म्हणाला.
तिला तिथे झोप येत नाही.
लांब दांड्याचा विळा, त्याचा आवाज, बाकी काही नाही.
ते गवत एव्हाना वाळून गंजीत गेलं होतं.

इथे घराघराला एक दगडी बुरूज आहे.
पूर्वजांनी बांधला
तो खालून कोण येतंय ते बघायला;
वरून कोणाला काही कळवायचं
त्यांच्या डोक्यातही नसणार.
मी म्हटलं, रात्री तिथे चढ.
स्वयंपाकघराच्या भिंती तुझी अर्धी कुजबुज गिळतात.
माथ्यावरून माझा लोखंडी टॉवर समोर दिसतो,
आणि गाव झोपलं की
वर केलेले हात खाली येतात.

अडीच वाजता मी केबिनमध्ये, लॅपटॉपसमोर.
एकेक फोन गप्प झाला.
मग एक रेघ चढू लागली,
बारीक, न थांबता.
नोंदीत नाव नसतं, नुसता आकडा.
बाहेर येऊन पाहिलं तर
बुरुजाच्या टोकाला काडीएवढा उजेड.

उतरायला सहा शिड्या.
चौथीवर असतानाच
खिशात फोन थरथरला, असं सकाळी त्याने सांगितलं.
दिनोलाचं उत्तर त्याच्याआधी जमिनीवर पोचलं होतं.

काय म्हणते?
तो बराच वेळ चुलीत लाकूड सारत राहिला.
म्हणते, तीन मिनिटांत सात वेळा थांबलात.
पूर्वी दोनदा थांबायचात,
तेही पात्याला धार लावायला.
धारेचा आवाज कुठाय, म्हणते.

मग, कळवलंस काही?

सतरा टक्के, तो म्हणाला,
आणि फोन उपडा ठेवला.