परतीचं पाऊल

पहिल्यांदा साखरेच्या डब्यात मीठ निघालं.
ते काय, कुणाकडूनही होतं.
मग गॅलरीची कडी.
मग एसी एकोणीसवर,
मला तर चोविसातही पांघरूण लागतं.

विद्याधर रिगवर असतो. अठ्ठावीस दिवस समुद्रात,
अठ्ठावीस इथे, शाबियातल्या या एका खोलीत.
तेव्हा त्याचा अकरावा चालू होता.
मी मोजते. मोजणं माझं कामच आहे:
लॅबमध्ये दिवसभर
दुसऱ्यांच्या रक्तावर नावं चिकटवते,
नऊ वर्षांत एक नळी इकडची तिकडे नाही.

म्हणून नातूर इदरीस लिफ्टपाशी म्हणाला,
मॅडम, रात्रीचा खुबूस छान होता,
तेव्हा मी हसून घेतलं.
कसला खुबूस?
दोन वाजता आणलात तो. गरम.
अर्धा मला दिलात,
रुमानाच्या परीक्षेचं विचारलंत.

रुमाना कोण, ते मी विचारलं नाही.
म्हातारा माणूस, रात्रीची ड्यूटी, घोटाळा होत असेल.
वर आले.
ओट्यावर तीळ लागलेला तुकडा,
अजून मऊ.

फोन पाहिला: दोन चाळीस, विद्याधर, एकवीस मिनिटं.
त्याला आडून विचारलं,
काय बोलत होतो रे आपण काल?
असंच, म्हणाला.
खूप दिवसांनी हसलीस.

रिगवरून त्याचा आवाज नेहमी मागाहून येतो.
हे वाक्य लगेच आलं.

मग वही केली.
गॅस बंद, नऊ पन्नास.
कडी लावली, दोनदा ओढून पाहिली.
किल्ली चहाच्या डब्याखाली.
सकाळी किल्ली जिथल्या तिथे,
वहीत मात्र एक ओळ जास्त:
डाळ निवड, किडे झालेत.
अक्षर माझं.
ळसुद्धा माझाच, एका बाजूनं फुगलेला,
ज्याच्यासाठी पेडणेकर बाईंनी पट्टी मारली होती.
बरणी उघडली.
होते किडे.

चौदाव्या रात्री शमाल सुटला.
फटींत ओले टॉवेल कोंबूनही
धूळ आलीच, आणि फरशीवर बसली
पिठी चाळल्यासारखी, सारखी, शांत.

डोळे उघडले तर पाउलं.
पलंगापासून दारापर्यंत, अनवाणी,
कसलीही घाई नसलेली.
डाव्या पायाची करंगळी टेकलेली नाही.
माझी टेकत नाही. लहानपणी वरवंटा पडला होता.

आत येणारी शोधू लागले,
पलंगावरूनच, मान लांब करकरून.
खोली केवढीशी, सगळी दिसते.
दाराला आतून कडी.
येणारी नव्हती.

लॅबची बस येऊन गेली.
फोन वाजून वाजून थांबला.
मी पाय वर घेऊन बसले होते.
खाली टेकवला आणि ठसाच उमटला नाही तर,
एवढीच भीती होती, पण ती दुपारपर्यंत पुरली.

वही उशाशी होती.
लिहिलं: तू कोण आहेस?
भर दिवसा लिहिलं, पूर्ण जागेपणी, तारीख घालून.

दुसऱ्या सकाळी फरशी पुसलेली.
कुणी पुसली, मला विचारू नका.
माझ्या प्रश्नाखाली, माझ्याच शाईत:
हे तुला आधी मी विचारलंय.
मागचं पान बघ.

मागचं पान मी उलटलेलं नाही.
विद्याधर यायला अजून बारा दिवस आहेत.

लिफ्टपाशी इदरीस सांगतो,
रुमाना पास झाली, मॅडम.

मी म्हणते,
माहीत आहे मला.